जनाभाऊंची तिसरी हाक

जनाभाऊंकडे गेलात तर पायरीशी उभं राहून तीन हाका माराव्या लागतात. दोन हाकांनी दार उघडत नाही. ते घरात नसतात असं नाही. ते दारामागेच उभे असतात. दार खालून कुजलंय, त्या फटीतून त्यांचे पाय दिसतात. अनवाणी, जराही न हलणारे. भर दुपारी, माडाची झावळीसुद्धा हलत नसताना, आपण "जनाभाऊ, जनाभाऊ" करत उभे आणि आत ते दोन पाय ऐकताहेत. तिसरी हाक गेली की कडी निघते आणि जनाभाऊ तोंडभर हसून विचारतात, "कवा आलाव, वैनी?"

तिन्हीसांजेनंतर कुणी हाक मारली तर तिसऱ्या हाकेलाच ओ द्यायची, ही आमच्या किनाऱ्यावरची जुनी रीत. जे माणूस नसतं ते दोनदाच हाक मारतं, असं आमच्याकडे मानतात. बाकीचे लोक ती अमावास्येपुरती पाळतात. जनाभाऊ सकाळी दूधवाला आला तरी पाळतात. जन्मभर ते मांडव्याच्या लाँचवर सुकाणू धरणारे सारंग होते. "पान्यावरून कोन कोन हाका मारतं, तुमाला न्हाय म्हाईत," असं म्हणून ते माझ्या खांद्यावरून मागे बघतात. मागे कुणी नसतं. तरी मी वळून बघतेच.

लाँचवरची नोकरी सुटल्यावर त्यांनी वाडीत पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्या. बुकिंग ईमेलवर. तिथेही तोच कायदा. पुण्याचा कुणी बिचारा एकदा लिहायचा, दोनदा लिहायचा, तिसऱ्यांदा रागावून लिहायचा. मग जनाभाऊंचं प्रेमळ उत्तर जायचं : "या. मासे खाता का?"

पण या कायद्यात एक भोक होतं. भुतं दोनदाच हाक मारतात. लॉटरीवाले चाळीसदा मारतात. चार वर्षांपूर्वीच्या एका दुपारी जनाभाऊ लॅपटॉप छातीशी धरून माझ्याकडे आले.

"वैनी, ह्यो ब्यांकवाला लई हाका मारतोय. मी ओ देतोय तं माझाच पासवर्ड इचारतोय."

"दिलात?"

"तुमाला इचारून देवं म्हटलं."

आता माझ्याविषयी सांगायला हवं. तेव्हा मी अडुसष्टची होते, म्हणजे अक्कल यायचीच होती. महिला मंडळाचा संगणक वर्ग मी पहिल्या क्रमांकाने पास झाले होते. प्रमाणपत्र चौकटीत घालून देवांच्या शेजारी टांगलं होतं, देवांपेक्षा चार बोटं वरच. वर्गात माझ्या शेजारी जनाभाऊंची बायको सुलभा बसायची. ती दुसरी आली. तिला माउस हातात धरताना भीती वाटायची, मला कशाचीच वाटत नव्हती. फरक एवढाच.

सुलभा जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं.

तर मी पदर खोचला आणि त्यांचं टपाल लावायला बसले. म्हटलं, जनाभाऊ, घर कसं असतं तसं करू. अनोळखी माणूस अंगणात. खोली मागणारा पडवीत. घरचे माजघरात. आणि लॉटरी, कर्ज, बँकेच्या नावाने येणारे सरळ उकिरड्यावर. मग फिल्टर लावला : विषयात 'खोली' किंवा 'रूम' असेल तर पडवी, मुंबईच्या मुलीचा पत्ता असेल तर माजघर, 'अभिनंदन' असेल तर उकिरडा. जनाभाऊ हरखले. "म्हंजी ह्यो फिल्टर दारात उभा ऱ्हानार, माझ्यावानी?"

"तुमच्यापेक्षा हुशार आहे. त्याचे पाय दिसत नाहीत."

ते चहा करायला आत गेले. मी खाली खाली जात जुनी पत्रं चाळत होते, आणि माझा हात थांबला. पाठवणाऱ्याचं नाव, सुलभा. विषय काही नाही. उघडलं. आत काही नाही. नुसतं पांढरं. आठ दिवसांनी आणखी एक. तसंच पांढरं. दोन्ही पत्रं संध्याकाळी, सात वाजायच्या आतली. तारखा तिच्या वर्षश्राद्धाच्या नंतरच्या.

आतून कपबशीचा आवाज येत होता. समोर तिचं नाव ठळक अक्षरांत. अंगावर काटा आला, तो मी पदराने झाकला. प्रथम क्रमांकवाली होते ना मी! मला माहीत होतं, तिच्या बंद खात्यात कुणीतरी शिरलंय, असे लोक आधी कोरं पत्र टाकून बघतात. जनाभाऊंना उगाच धक्का नको, असं परस्पर ठरवून मी सुलभासाठी एक नियम केला. या पत्त्यावरून आलेलं सगळं, आधीचंही आणि पुढचंही, उकिरड्यावर. आणि शांतपणे चहा प्यायले. आज आठवलं की तो चहा पिणाऱ्या त्या बाईला एक चापट मारावीशी वाटते.

पंधरा दिवसांनी माझ्या दारात हाक आली. एकच. बाहेर जनाभाऊ, घामाने निथळत.

"वैनी, माझी दोन पत्रं गेली. ती कुटं टाकलीव?"

"कुठली?" मी विचारलं. पण मला माहीत होतं.

त्यांच्या घरी गेलो. लॅपटॉप उघडता उघडता मी त्यांना समजावत होते, खात्यात चोर शिरतात, नावं चोरतात. ते ऐकत नव्हते. परसदाराकडे बघत होते. ते दार आतून फळ्या मारून बंद केलेलं, मी आधी कधी लक्ष दिलं नव्हतं.

"त्या दिसी ती इहिरीवर व्हती," ते म्हणाले. "दिवं लागलं व्हतं. मला हाक मारली. मी हितंच, ह्या दारामागं. परत मारली. म्या कडीवर हात ठेवून तिसरीची वाट बघत ऱ्हायलो."

पुढचं सगळ्या गावाला माहीत होतं. छातीत कळ येऊन सुलभा विहिरीपाशी पडली होती. तिने हाका मारल्या होत्या, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "मग आता तरी तो नियम सोडा, जनाभाऊ."

"कसा सोडू? आता सोडला, तं त्या दिसी पन सोडता आला असता."

मी उकिरडा उघडला. महिनाभर तिथलं काही नाहीसं होत नाही, एवढीच माझी पुण्याई. लॉटऱ्या, कर्जं, अभिनंदनं. त्यांच्यामध्ये सुलभा. एक. दोन.

तीन.

तिसरं चार दिवसांपूर्वी आलं होतं. संध्याकाळी, सात वाजायच्या आत. माझ्या नियमाने ते दारातूनच फेकून दिलं होतं.

जनाभाऊंनी ते उघडलं. पांढरंच. पण त्या पांढऱ्याकडे ते असं बघत होते, जसं धुक्यात दुसऱ्या लाँचचा दिवा शोधावा. परसात रहाट किंचित कुरकुरला. वारा नव्हता. आम्ही दोघांनीही ऐकलं आणि दोघांनीही ऐकलं नाही असं दाखवलं.

अशा पत्राला उत्तर द्यायचं नसतं, हा वर्गातला पहिला धडा. तो मला पाठ होता. जनाभाऊंनी एका बोटाने एकच अक्षर दाबलं, 'ओ', आणि पाठवून दिलं.

मी तिच्या नावाचा नियम काढून टाकला आणि जायला उठले.

"बसा की वैनी," ते म्हणाले. पडद्यावरून नजर न काढता. "फुडं काय लिवत्यात? चाळीस वर्सं एका घरात ऱ्हायलो, लिवायची पाळीच आली न्हाय."

मला तरी कुठे माहीत होतं? मी म्हटलं, "आज काय जेवलात ते लिहा."

त्यांनी पुष्कळ वेळ विचार केला. मग एकेक अक्षर शोधत लिहिलं : "सुक्या बोंबलाचं कालवण. मीठ जास्त झालं."