दोन दिवसांची एक तारीख

तारखांच्या बाबतीत मला कुणी शिकवायला जाऊ नये! बावीस वर्षं मी कॅलेंडरच्या छापखान्यात मुद्रितं तपासतोय. एकतीस दिवसांचा एप्रिल माझ्या नजरेतून आजवर सुटलेला नाही. शिवाय वाचन दांडगं. इटली आणि स्पेनमधली माणसं एकदा चार ऑक्टोबरला झोपली ती थेट पंधराला उठली, हे तुम्हाला ठाऊक आहे? इंग्लंडने अकरा दिवस गिळले, रशियाने तेरा. स्वीडनने तर एका वर्षी फेब्रुवारीला तीस तारीख दिली! आणि रोममध्ये एक वर्ष चारशे पंचेचाळीस दिवस चाललं होतं. हे सगळं मी जेवताना सांगतो. म्हणून माझी बायको लवकर जेवते.

तर अशा माणसाच्या घरी तारखेचा घोटाळा व्हावा!

झालं असं, की बाबा अंथरुणाला खिळले होते आणि धाकट्याची वाट बघत होते. धाकटा म्हणजे माझा भाऊ, बाबांचा बारक्या. बोटीवर इंजिन सांभाळतो. सात वर्षांपूर्वी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. कारण आता धड कुणालाच आठवत नाही, पण बाबा म्हणाले होते, "हे दार तुला बंद!" आणि तो गेला तो गेलाच. शेवटी मीच बाबांच्या आजारपणाचं कळवलं, तेव्हा चार ओळींचं पत्र आलं. पंधरा तारखेला येतो.

त्या दिवसापासून बाबांना दुसरा विषय नाही. "पंधराला किती राहिले? मला ते बोललेलं परत घ्यायचंय रे. तेवढं झालं की मी मोकळा."

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "पंधरा तारखेच्या जोरावर तग धरून आहेत. ती हुकली तर मी काही सांगू शकत नाही."

आणि दोन तारखेला दुसरं पत्र! बोट रखडली, अठ्ठावीसला येतो.

बायकोने पत्र दोनदा वाचलं. "आता काय सांगायचं त्यांना?"

"काही सांगायचं नाही," मी कॉलर ताठ करून म्हणालो. "देशच्या देश तारखा फिरवतात, आपलं तर दोन खोल्यांचं घर! आजपासून आपल्याकडे एक तारीख दोन दिवस चालेल. म्हणजे आपली पंधरा बरोबर अठ्ठाविसाला उजाडेल."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती दूध नासलं की पातेल्याकडे पाहते. पण दुसरा उपाय तिच्याकडेही नव्हता.

बाबांच्या समोरच्या भिंतीवर रोज एक पान फाडायचं कॅलेंडर होतं, आमच्याच छापखान्याचं. ते मी दिवसाआड फाडू लागलो. बाबा दिवसातून चारदा झोपायचे आणि प्रत्येक वेळी "उजाडलं का?" विचारायचे, त्यामुळे सुरुवात झकास झाली. रेडिओ तारीख सांगतो म्हणून त्यातले सेल काढले. पेपर बायको वाचून दाखवायची, तोच पेपर दोन दिवस. दुसऱ्या दिवशी बाबा म्हणायचे, "ही बातमी मी ऐकल्यासारखी वाटते."

"त्या मंत्र्यांचं रोजचंच असतं हो बाबा," ती म्हणायची.

समोरच्या काकू मात्र दारातूनच ओरडत आल्या, "आज अकरा ना हो?" आमच्याकडे सहा होती! बाबा हळूच मला म्हणाले, "बिचारीला भ्रम झालाय. तिच्या मुलांना कळव." काकूंना स्वयंपाकघरात नेऊन सगळं समजावलं. त्या पदराने डोळे पुसत बाहेर आल्या आणि बाबांना म्हणाल्या, "सहाच आहे हो. माझंच चुकलं."

डॉक्टरांनाही सामील करून घेतलं. दारात चप्पल काढताना ते विचारायचे, "आत आज किती?" मी सांगायचो, "नऊ." मग आत जाऊन मोठ्याने, "काय आजोबा, आज नऊ तारीख! सहा दिवस राहिले!"

खरी पंचाईत रविवारची. आमचा रविवार दोन दिवसांचा, छापखान्याचा एका दिवसाचा. रविवारच्या दुसऱ्या दिवशी मी बाबांना "जरा पडतो" म्हणून सांगितलं आणि बूट हातात घेऊन मागच्या दाराने कामाला गेलो. बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा मी चोरून कामावर जात होतो!

आणि मग व्हायचं तेच झालं. डोक्यात दोन कॅलेंडरं एकमेकांत अडकली. पुढच्या वर्षीच्या मार्च महिन्याचं मुद्रित मी तपासून सही करून दिलं, तर मालक माझ्या टेबलापाशी येऊन उभे.

"ही काय भानगड आहे? मार्चमध्ये नऊ तारीख दोनदा?"

"असते की," मी बेधडक म्हणालो.

मालकांनी मुद्रित उचलून घेतलं. मग म्हणाले, "वडील कसे आहेत?" आणि मला लवकर घरी पाठवलं. मला त्या दिवशी रस्त्यात रडू आलं.

बाबांना वाढवून दिलेले दिवस त्यांना जडच जात होते. "हा महिना फार सावकाश चाललाय रे," ते म्हणायचे. हात काड्यांसारखे झाले होते. पण भिंतीवरचा आकडा बघितला की डोळ्यांत जीव यायचा. तेरा झाली. चौदा झाली. चौदा तारखेचा पहिला दिवस सुखरूप गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला जवळ बोलावलं. "उद्या पंधरा ना?"

"हो बाबा."

"दाराला कडी लावू नका. त्याला वाटायला नको की बंद आहे."

तासाभराने मी पाणी घेऊन गेलो, तेव्हा बाबा नव्हते. इतकी खटपट केली, सगळ्या जगाला खोटं बोलायला लावलं, आणि एका दिवसाने हरलो!

दोन दिवसांनी मृत्यूची नोंद करायला कचेरीत गेलो. कारकून चष्म्यावरून बघत म्हणाला, "चौदाला गेले आणि आज उगवताय? पंधरा दिवस कुठे होतात?"

मी कागद बघितला. अर्जावर माझ्याच अक्षरात चौदा! डॉक्टरांचा दाखला बघितला, तर तिथेही चौदा. बाबांच्या खाटेशेजारी बसून, भिंतीवर बघून लिहिला होता बिचाऱ्यांनी.

"थांबा, चूक झाली! ते सत्तावीसला गेले!"

"आता वहीत चढलं. दुरुस्तीचा वेगळा अर्ज असतो. डॉक्टरांचं पत्र जोडा आणि या." त्याने कोरा अर्ज आणि चौदा तारखेचा दाखला माझ्या हातात ठेवला.

डॉक्टरांनी ओशाळून लगेच पत्र दिलं. पण माझे पाय कचेरीकडे वळेनात. धाकटा अठ्ठाविसाला आला नव्हताच. तो उगवला पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला. दाराला कडी नव्हती, तरी बाहेर उभा राहिला. वहिनीचा चेहरा बघून समजला. आत आला, टेबलावरचा दाखला उचलला आणि वाचून माझ्यावर उखडला.

"चौदाला? तीन आठवडे झाले, दादा! मला कळवलं नाहीस?"

"अरे, ऐक तरी..." मी खिशातला दुरुस्तीचा अर्ज चाचपला. खरी तारीख ओठावर होती.

पण तो खुर्चीत कोसळला आणि बोलू लागला. "बोट वीसलाच लागली होती, दादा. अठ्ठावीस मी खोटं लिहिलं. म्हटलं, आठ दिवस हाताशी असू देत, तेवढ्यात हिंमत येईल. बंदरावर खोली घेऊन बसलो. इथून चार तासांवर! रोज पिशवी भरायचो, रोज सोडायचो. त्यांनी पुन्हा दार लावलं तर? अठ्ठावीस उलटून गेली तरी तिथेच." त्याने दाखला दोन्ही हातांनी धरला होता. "चौदाला मी समुद्रात होतो. म्हणजे उतरल्या उतरल्या धावत आलो असतो, तरी भेट झाली नसतीच ना?"

वीस ते सत्तावीस! ते सातही दिवस बाबा या खोलीत दाराकडे डोळे लावून पडले होते. मला धाकट्याचा असा राग आला की गचांडी धरावी. बायकोने मागून माझा सदरा घट्ट धरला होता. तेवढ्यात काकू आल्या, "अरे, गेल्याच आठवड्यात तर..." आणि बायको त्यांना दंडाला धरून आत घेऊन गेली.

धाकटा माझ्याकडे बघत होता. सात वर्षांचा असताना काच फोडून असाच बघायचा.

"नसतीच," मी म्हणालो.

"काही म्हणाले का?"

"म्हणाले, दाराला कडी लावू नका. त्याला वाटायला नको की बंद आहे."

"कधी?"

"चौदाला," मी म्हणालो. ते तर खरंच होतं.

तो लहान मुलासारखा हमसून रडला. मग डोळे पुसून म्हणाला, "पण तू कळवायला हवं होतंस. हे मी विसरणार नाही." तो अजून विसरलेला नाही. माझ्याशी मोजकंच बोलतो.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत जाऊन कोरा अर्ज परत दिला.

"दुरुस्ती नको?" कारकून म्हणाला.

"नको. चौदाच बरोबर आहे."

"मग त्या दिवशी एवढा आरडाओरडा कशाला केलात?" आणि शेजारच्या टेबलाकडे वळून, मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "कमाल आहे! बाप कधी गेला, हेसुद्धा धड लक्षात नसतं लोकांच्या!"

मी "हो ना" म्हणालो आणि बाहेर आलो.