सावळारामतात्यांनी बिडी नाकारली

बिडी सोडल्याच्या नवव्या दिवशी सकाळी सावळारामतात्यांनी घरातला शेवटचा लसूण सोलून संपवला.

आता करायचं काय? हात रिकामे झाले रे झाले की आपोआप पैरणीच्या खिशाकडे निघायचे. खिशात बिडी नाही, बडीशेप आहे, हे डोक्याला कळत होतं. हातांना कोण सांगणार? तिथं जाऊन ते चाचपायचे, हिरमुसायचे आणि थरथरत परत यायचे. मग छाती धडधडायला लागायची, जणू वेल्ह्याची एसटी सुटली आहे आणि आपण अजून घरातच चप्पल शोधतोय.

भोरच्या डॉक्टर शुभ्रामॅडमनी हे सगळं आधीच सांगून ठेवलं होतं. दवाखान्याचा जिना चढून तात्या खुर्चीत बसले त्याला दहा मिनिटं होऊन गेली होती, तरी त्यांची धाप थांबेना. ते बघून मॅडम म्हणाल्या होत्या, "काका, आता बिडी बंद. पहिले काही दिवस जीव घाबरा होईल, चिडचिड होईल. भ्यायचं नाही. तलफ म्हणजे आगंतुक पाहुणा. चहा विचारला नाही की पाच मिनिटांत उठून जातो. तेवढा वेळ हाताला काहीतरी काम द्या."

हाताला काम द्या, हे शब्द बाळाबाईंनी नेमके झेलले. पस्तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या हाताला काम द्यायला डॉक्टरची चिठ्ठी पहिल्यांदाच मिळाली होती! पहिल्या दिवशी लसूण. दुसऱ्या दिवशी पोतंभर तांदूळ निवडून झाला. तिसऱ्या दिवशी तात्यांनी मिक्सर खोलून पुसला, आणि तो परत जोडायला चौथा दिवस गेला. पाचव्या दिवशी घरातलं काम पुरेनासं झालं तेव्हा तात्या वाडीत फिरायला लागले. कुणाच्याही ओट्यावर टेकायचं आणि म्हणायचं, "काय काम असंल तर द्या की. बसलोयच हितं."

परवा त्यांनी गेनूच्या ओट्यावर बसून बैलांची चार दावी वळून दिली. काल कोंडिबाच्या ओट्यावर दोन किलो लसूण सोलला. का, ते कुणालाच सांगितलं नाही. सांगायची सोयच उरली नव्हती.

कारण तात्यांनी याआधी तीनदा बिडी सोडली होती, आणि तिन्ही वेळा गाजावाजा करून! पहिल्यांदा भर ग्रामसभेत. टाळ्या पडल्या, आणि सभेनंतरचा चहा आला तेव्हा तात्या देवळामागे धूर काढत होते. दुसऱ्या वेळी दीड दिवस टिकले. तिसऱ्या वेळी त्यांनी अख्खा बंडल गावच्या उंबराखाली पुरला, नारळ फोडला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तिथंच खुरप्यानं उकरताना सापडले. तेव्हापासून मार्गासनीपर्यंत कुणीही भेटलं की विचारायचं, "काय तात्या, उंबराखाली पेरलेलं उगवलं का?"

म्हणून ही चौथी वेळ गुपचूप. ठाऊक एकट्या बाळाबाईंना. त्या कॅलेंडरवर रोज कुंकवाचं एक बोट उठवत होत्या. त्यांनी फक्त एवढंच बजावलं होतं, "या टायमाला मोडलं, तर म्या काय बी बोलायची न्हाई."

तात्यांना घाम फुटला होता तो हे ऐकून. बाळाबाई बोलल्या नाहीत असा प्रसंग पस्तीस वर्षांत आला नव्हता. तो कसा असेल याची कल्पनाही करवत नव्हती.

आणि नेमकी नवव्या दिवशी वाडीत बैठक होती.

तात्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष. अकरा वर्षांत वाडीतलं एक भांडण त्यांनी पोलीस ठाण्यापर्यंत जाऊ दिलं नव्हतं. त्यांची पद्धत साधी होती. बैठक भरली की तक्रार घेऊन आलेला तात्यांना बिडी द्यायचा आणि ज्याच्यावर तक्रार तो काडी ओढायचा. एकाची बिडी, दुसऱ्याची काडी, म्हणजे पंच दोघांचा. मग ती बिडी संपेपर्यंत कुणी ब्र काढायचा नाही. तात्या डोळे मिटून धूर सोडायचे, आणि समोरच्यांचा निम्मा राग त्या धुराबरोबर कौलातून निघून जायचा. उरलेल्या निम्म्याचं तात्या बघून घ्यायचे.

"आज जाऊच नगा बैठकीला," बाळाबाई म्हणाल्या.

"मंग काय सांगू? अध्यक्षाला काय झालं?"

"जुलाब."

"अगं, तंटा कोंबडीचा हाय. जुलाब म्हणलं तर लोक म्हणतील, अध्यक्षानंच खाल्ली!"

तंटा खरंच कोंबडीचा होता. गेनूची काळी कोंबडी महिन्याभरापूर्वी गायब झाली होती. ती शेजारच्या कोंडिबाच्या पेंढ्याच्या गंजीत जाऊन अंड्यांवर खुडूक बसली होती. कोंडिबाच्या बायकोनं, रत्नानं, तिला एकवीस दिवस दाणापाणी घातलं, आणि पिल्लं निघाली अकरा. गेनू म्हणे, कोंबडी माझी म्हणून पिल्लं माझी. कोंडिबा म्हणे, बाळंतपण आमच्याकडं झालं, लेकरं आमची.

दहा वाजता देवळाच्या मंडपात सगळे जमले. मधोमध बांबूचं डालगं उपडं ठेवलेलं, त्याखाली कोंबडी आणि अकरा पिल्लं. बायका खांबाजवळ. तात्या अंग चोरून सतरंजीवर बसले आणि मनात म्हणाले, देवा, पाच मिनिटं. फक्त पाच मिनिटं काढ.

गेनू पुढं आला. रिवाजाप्रमाणे त्यानं बिडी काढून, दोन बोटांत फिरवून अदबीनं पुढं केली. "घ्या तात्या."

तंबाखूचा वास आला. तात्यांच्या तोंडाला पाणी सुटलं, डोळ्यांना पाणी सुटलं, हात निम्म्या वाटेपर्यंत गेलासुद्धा. त्यांनी तो दुसऱ्या हातानं धरून मागं ओढला.

"नगो."

डालग्याखाली तेवढी पिल्लं चिवचिवत होती.

"नगो?" गेनूला ऐकलेलं खरं वाटेना. "माझी बिडी नगो?"

"प्वाट बिघडलंय जरा."

"पोटात कुठं जाती बिडी? ती छातीत जाती!" गेनूचा आवाज चढला. "आलं ध्यानात. निकाल आदीच लागलाय. काल ह्यो कोंडिबाच्या ओट्यावर बसून लसूण सोलत व्हता! म्या सोता बघितलं. पंच कुणाच्या घरी लसूण सोलतो व्हय?"

माणसं माना वळवून तात्यांकडे बघायला लागली. कुणीतरी नाकानं हुंगलं. तात्यांच्या हातांना अजून लसणाचा घमघमाट येत होता. पुरावा पक्का झाला.

कोंडिबा मिशीत हसला आणि काडेपेटी पुढं करून म्हणाला, "जाऊ द्या तात्या. त्याची बिडी नगो तर नगो. माझी घ्या. काडी बी माझीच."

आता ही घेतली असती तर गेनूचा संशय खरा ठरला असता. तात्या घाईघाईनं म्हणाले, "तुजी बी नगो."

"माजी बी?" कोंडिबाचं हसू मावळलं. "काल दोन किलो लसूण दिला तुमाला इश्वासानं, आन् आज माजी काडी चालंना? आरं हां! परवा गेनूच्या ओट्यावर दावी कोण वळत व्हतं? चार दावी! फुकट!"

"म्हंजी," मागून टेम्पोवाला धनाजी म्हणाला, "दोगांकडं बी राबलंय व्हय? कशापायी?"

सगळे विचारात पडले. माणूस विनाकारण दुसऱ्याचा लसूण सोलत नाही, हे वाडीतल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. गेनूनं कोंडिबाकडं बघितलं. कोंडिबानं गेनूकडं बघितलं. तंटा लागल्यापासून पहिल्यांदाच दोघं एकमेकांच्या नजरेला नजर देत होते.

"पिल्लं!" गेनू म्हणाला.

"पिल्लंच!" कोंडिबा म्हणाला. "आपल्याला झुंजत ठिवायचं आन् पिल्लं आपून न्यायची!"

"आरं, बाबांनो..." तात्या म्हणाले. छातीत ढोल वाजायला लागला. तळव्यांना घाम, कानांत गरम वाफा. अकरा वर्षांचा पंच आणि त्याच्यावर कोंबडीची पिल्लं ढापल्याचा आळ! एकच उपाय समोर होता, आणि तो गेनूच्या दोन बोटांत होता. एक बिडी ओढली की सगळं पहिल्यासारखं. एकाची बिडी, दुसऱ्याची काडी. कोण म्हणणार होतं काय?

तात्यांनी झटकन गेनूच्या हातातली बिडी घेतली आणि ओठांत धरली.

"हां, आता कसं!" गेनूचा जीव भांड्यात पडला. कोंडिबानं काडी ओढली. फर्रकन जाळ झाला. तात्या बिडी घेऊन पुढं वाकले, आणि वाकता वाकता त्यांची नजर खांबाकडे गेली.

बाळाबाई उभ्या होत्या. पदर खांद्यावर नीट घेतलेला. बघत होत्या.

काहीच बोलत नव्हत्या.

तात्यांनी बिडी ओठांतून काढली.

"सोडलीय म्या," ते म्हणाले. आवाज इतका बारीक, की मागच्यांनी माना पुढं केल्या. "नऊ दिस झालं. जीव नुसता घाबरा व्हतो. हात थरथरत्यात, रातीला झोप न्हाई. डाक्टरीनबाई म्हणली हाताला काम द्या, म्हणून तुमच्या दारात बसत व्हतो. सांगितलं न्हाई, कारण तुमी हसता. आन् मोडलं तर आजून हसाल. हे बगा हात."

त्यांनी दोन्ही हात पुढं केले. ते खरंच थरथरत होते.

सगळे त्या हातांकडं इतकं टक लावून बघत राहिले की जळती काडी कुणाच्या ध्यानातच राहिली नाही. कोंडिबाच्यासुद्धा नाही.

"आय आय गंऽऽ!"

काडी बोटाशी आली तसा कोंडिबा उडाला, मागं सरकला आणि थेट डालग्यावर बसला. डालगं कलंडलं. कोंबडी पंख फडफडवत धनाजीच्या डोक्यावर, आणि अकरा पिल्लं अकरा दिशांना!

"धरा! धरा! मांजर हाय तिकडं!"

मग काय! सतरंजी एकीकडं, चपला एकीकडं. रत्ना पायरीवर आडवी. गेनू खांबाभोवती तीनदा फिरला. कोंडिबा भाजलेलं बोट तोंडात घालून एका हातानं पिल्लं पकडत होता आणि ओरडत होता, "गेनू, तुज्या पायाजवळ! आरं डाव्या!" गेनू ओरडत होता, "दिसलं, तू त्यो कोपरा धर!" भांडण कशाचं होतं हे दोघंही विसरले होते. भाऊबंदच ते.

शेवटी सगळे घामाघूम होऊन खाली बसले. गेनूच्या टॉवेलात पाच पिल्लं. कोंडिबाच्या टोपीत पाच.

"आकरावं कुठंय?" रत्ना म्हणाली.

अकरावं तात्यांच्या ओंजळीत होतं. गोंधळात ते आपणहून त्यांच्या मांडीवर चढलं होतं आणि तात्यांनी त्याला अलगद उचललं होतं. कापसाच्या बोंडाएवढं पिवळं पिल्लू. जोरात धरावं तर चिरडेल, ढिलं धरावं तर पडेल. त्याचं काळीज तात्यांच्या काळजाहून जोरात धडधडत होतं. तात्या अंगठा त्याच्या डोक्यावरून हळूहळू फिरवत होते, आणि हात थरथरत नव्हते. तलफ कधी उठून गेली त्यांना कळलंसुद्धा नाही.

धनाजीनं डोक्यावरची पिसं झटकत तोंड उघडलं, "काय तात्या, उंबराखा..."

गेनूनं त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की पुढचे शब्द पोटात गेले.

"नऊ दिस सोडलीय त्यांनी," गेनू गुरकावला. "तू नऊ मिन्टं मोबाईल सोडून दाखीव." मग तात्यांकडं वळून, पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत म्हणाला, "आवं, आदी सांगायचं की. आमी काय परके हाय का? पाच माजी, पाच कोंडिबाची. झाला निकाल. कोंबडी तेवढी मला द्या."

"आन् ह्ये?" तात्यांनी ओंजळ पुढं केली.

"ऱ्हाऊ द्या तुमालाच," कोंडिबा बोटावर फुंकर मारत म्हणाला. "शेवटी पिल्लू नेलंच पंचानं!"

सगळे हसले. तात्याही हसले. घरी जाताना बाळाबाई सबंध वाटेवर एक मिनिट गप्प बसल्या नाहीत, आणि ते तात्यांना कधी नव्हे इतकं गोड लागलं.

तेव्हापासून वाडीतली पद्धत बदलली. बैठकीला तात्या पिल्लू मांडीवर घेऊन बसायचे. तक्रारदार दाणे आणायचा, दुसरा वाटीत पाणी. पिल्लाचं खाऊन होईपर्यंत कुणी ब्र काढायचा नाही. कॅलेंडरवरचं कुंकू दुसऱ्या महिन्यात गेलं, मग तिसऱ्या. दवाखान्याचा जिना आता तात्या बोलत बोलत चढत होते.

पाच महिने झाले. एका सकाळी अख्खी वाडी देवळाच्या मंडपात जमली. गेनूनं मूठभर दाणे आणले होते. कोंडिबानं पाण्याची वाटी आणली होती. दोघं खांद्याला खांदा लावून शेजारी शेजारी बसले, हे बघूनच तात्यांना शंका आली.

"बोला," तात्या म्हणाले. "कुणाची तक्रार कुणावर?"

"आमची दोगांची," गेनू म्हणाला. "वाडीची बी."

"कुणावर?"

गेनूनं तात्यांच्या मांडीकडं बोट दाखवलं. तिथं लालबुंद तुऱ्याचा, धिप्पाड, पिवळाधमक कोंबडा बसला होता.

"रोज पाटं साडेतीनला बांग देतोय," कोंडिबा म्हणाला. "पाच म्हैने सोसलं... न्हाई, एकच म्हैना, पर सोसलं. वाडीत कुणाची झोप ऱ्हायली न्हाई. आता पंचांनीच पंचांचा काय त्यो निकाल द्यावा."

कोंबड्यानं दाणे संपवले, पाणी प्यायलं, मान उंचावली आणि भर मंडपात खणखणीत बांग ठोकली. जणू कबुलीजबाबच दिला.

तात्यांच्या छातीत धडधडलं. कपाळावर घाम आला. उजवा हात पैरणीच्या खिशाकडं निघाला. तात्यांनी तो वाटेतच थांबवला, एक लांब श्वास घेतला आणि मंडपावरून नजर फिरवत म्हणाले,

"पाच मिन्टं द्या मला. आन् कुणाच्या घरी सोलायचा लसूण हाय का?"