बाकावरचं वय

एकोणीसशे सत्त्याऐंशी साली शहरात स्त्री-आरोग्य केंद्र उघडलं. जन्मापासून अखेरच्या श्वासापर्यंत स्त्रीची काळजी घ्यायची असं सरकारने ठरवलं होतं आणि त्यासाठी तीन खोल्या बांधल्या होत्या. पहिली मुलींची, दुसरी मातांची, तिसरी वृद्धांची. दुसरी आणि तिसरीच्या मधे एक लांब बोळ होता. बोळात लाकडी बाक.

तेव्हा फोन आजच्यासारखे खिशात नव्हते. टेलिफोन एक्स्चेंजमधली बोर्डावरची बाई जोडून देईल तेव्हा पलीकडून आवाज यायचा. ती बाई म्हणजे हॅलोताई. कोण कुणाशी अबोला धरून आहे हे तिला आधी कळायचं. पण बावन्नावं लागलं आणि बिनसलं. बसल्या जागी छाती धडधडायची, कानशिलं तापायची, आणि नेमकी तेव्हाच हातातली पिन भलत्या भोकात जायची. एका जावयाने सासूची खुशाली विचारायला फोन मागितला, तो तिने अग्निशमन दलाला जोडला. बंब सासूच्या दारात उभा राहिला.

एक्स्चेंजचे साहेब म्हणाले, "बाई, अजून एक चूक, की बोर्ड सुटला तुमच्या हातून."

बोर्डाशिवाय तिला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही नकोही होतं. ती केंद्रात गेली.

नोंदणीवरच्या नर्सने विचारलं, "वय?"

"बावन्न."

"मातृत्व पंचेचाळीसला संपतं. वार्धक्य साठला सुरू होतं."

"मग मी कुठे जाऊ?"

"घरी. मधल्या वयात बाई ठणठणीत असते. या वयाची एकही तक्रार आमच्याकडे नोंदलेली नाही."

"अगं, मी करतेय ना आत्ता!"

"ताई, तुमच्या वयाला खोलीच नाही. नोंदवू कुठे?"

हॅलोताई बाकावर बसली. तिथे पदराने वारा घेत आणखी चारजणी होत्याच. त्या सरकून बसल्या.

बाक रोज भरू लागला तसं जाणंयेणं अडलं. म्हणून वरून एक संशोधक डॉक्टर आले. अंगाची आग थांबवणारी गोळी त्यांच्या हाताशी तयार होती, फक्त तपासायची राहिली होती.

"माझ्यावर तपासा," हॅलोताई म्हणाली.

"छे! बायकांच्या शरीरात सारखं काहीतरी चालू असतं. निष्कर्ष बिघडतात. आम्हाला स्थिर शरीर हवं."

केंद्रात सर्वांत स्थिर शरीर वॉचमनचं होतं. ते खुर्चीतून सहसा हलत नसे. त्याने महिनाभर गोळी घेतली.

"अंगाची आग?"

"नाही साहेब."

"धडधड?"

"तीही नाही."

गोळी शंभर टक्के यशस्वी ठरली. वॉचमनच्या अंगापिंडाला बेतलेली ती गोळी हॅलोताईने सकाळी घेतली आणि दुपारी बोर्डावर मान टाकून झोपी गेली. शहराचे सगळे फोन मुके झाले. केंद्राचा तक्रारीचा फोनही त्याच बोर्डावरून जायचा. त्या दुपारी स्त्रियांची एकही तक्रार आली नाही. डॉक्टरांनी तो आकडा ठळक अक्षरांत छापला.

पुढे डॉक्टर संचालक झाले. या विषयाचा प्रत्यक्ष अनुभव असलेली एकमेव व्यक्ती म्हणून वॉचमनला परिषदांमधून भाषणाची बोलावणी येऊ लागली. तो छान बोलतो म्हणतात. नर्सला शेहेचाळिसावं लागलं, त्या दिवशी बाकावरच्या बायका तिच्यासाठी सरकून बसल्या. हॅलोताईच्या हातून बोर्ड सुटला, तिला एक्स्चेंजच्या तळघरात जुन्या फायलींवर बसवलं. तिथे बोलायला कुणी नव्हतं. साठ पुरी झाल्यावर ती तिसऱ्या खोलीत गेली, तेव्हा तिला सांगण्यात आलं, "ही मधल्या वयातली तक्रार. तेव्हाच यायचं होतंत."

मधे एकदा केंद्राची माणसं घरोघर पाहणीला निघाली होती. हॅलोताईच्या नवऱ्याने दार उघडलं.

"घरात बाईमाणसाला काही त्रास?"

"काही नाही हो. असता तर बोलली असती."

हॅलोताई त्याच्या पाठीमागे उभी होती. ओला टॉवेल मानेवर दाबून. माणूस भला होता, त्याने फक्त मागे वळून पाहिलं नाही.

पाहणी अजून चालू आहे. तुमच्या दारावर कुणी आलं नाही म्हणून मनाला लावून घेऊ नका. तुमचं उत्तर त्यांनी आधीच लिहून ठेवलंय.