एफ म्हणजे माझाच

लग्नाचा व्हिडिओ ठेवायला लॅपटॉपमध्ये जागा पुरेना, म्हणून प्रणितने कामोठ्याच्या घरातल्या जुन्या कम्प्युटरची हार्ड डिस्क उपसून काढली. मनस्वीला या घरात येऊन दोनच महिने झाले होते, त्यामुळे ते काम तिने त्यालाच करू दिलं. (कम्प्युटरची पदवी तिच्याकडे होती, पण नवरेपण त्याच्याकडे.)

त्या डिस्कची वीस वर्षांपूर्वी रीतसर वाटणी झाली होती. सासऱ्यांनी, म्हणजे जगनरावांनी, ती शेतासारखीच चार तुकड्यांत करून दिली होती: सी विंडोजचा, डी स्वतःचा, ई आपल्या धाकट्या भावाचा, एफ शाळकरी प्रणितच्या गेम्सचा. कुणी कुणाचा बांध ओलांडायचा नाही. डीमध्ये त्यांच्या आईचे, हौसाआजीचे, लग्नात गायचे धवळे होते. आजी गेली, कॅसेटही कुजली. आवाज तेवढा डीमध्ये उरला.

प्रणितने डिस्क लॅपटॉपला जोडली.

"अहो, आत उघडून बघा तरी."

"त्यात काय बघायचं? एफ म्हणजे माझाच." आणि त्याने मालकाच्या तोऱ्यात एफ फॉरमॅट केला.

मग एच उघडला. आत त्याचे सगळे गेम्स सुखरूप.

"हे इथे कसे?"

"अक्षरं डिस्कवर कोरलेली नसतात," मनस्वी हळूच म्हणाली. "ज्या कम्प्युटरला जोडाल, तो आपली देतो. लॅपटॉपचे स्वतःचे सी, डी होतेच; पाहुण्यांना ईपासून ओळीने बसवलं, तुमचा एफ एचवर गेला. माहेरी मी थोरली, इथे सगळ्यांत धाकटी. माणूस तेच ना?"

"म्हणजे मी पुसला तो..."

"बाबांचा डी."

तेवढ्यात जगनराव दारात. "काय रं, झाला का? आईचा धवला लाव. सूनबाईनं ऐकला नाय अजून."

"पप्पा, अपडेट चालू हाय!"

"आता त्यात काही भरू नका," मनस्वी कुजबुजली. "अनुक्रमणिका फाटलीय. पानं आत असतील."

तिने फायली परत मिळवायचा प्रोग्राम लावला. तीन तास. जगनराव चारदा येऊन गेले, अपडेट चालूच. शेवटी फायली वर आल्या, नावं हरवून, नुसत्या आकड्यांनिशी. सातवी उघडली आणि खोलीत हौसाआजीचा ताणलेला, खणखणीत सूर भरला. पाचव्यांदा दारात आलेले जगनराव होते तिथेच जमिनीवर बसले.

दुसऱ्या कडव्यात आजी गाता गाता मध्येच थांबली.

"ए परनित! टेपला हात लावू नको सांगते! कवा काय मोडशील, नेम नाय तुजा!"

धवळा पुढे सुरू झाला. जगनरावांनी डोळे पुसले.

"सूनबाई," ते म्हणाले, "जरा मागं घे. तेवढाच परत लाव."