काचेच्या डब्यातल्या दोन जागा

गिरीश टिपणिसांच्या मते कतारमध्ये दोनच गोष्टी अखंड चालू असत : एसी आणि त्यांची स्वतःची बुद्धी. पेशाने ते पाइपिंग इंजिनिअर, पण ते पोटापुरतं. मूळ पिंड गुप्तहेराचा. दोह्यातल्या त्यांच्या मदिनत खलीफा वस्तीत कुणाची चप्पल हरवली तरी ते तीन संशयित उभे करत. चप्पल सापडत नसे. संशयितांशी बोलणं मात्र बंद होई. त्यामुळे त्यांच्या पत्नीला, पूर्णिमाला, बोलायला शेजारी फारसे उरले नव्हते.

फुटबॉलचा वर्ल्ड कप महिन्यावर आला होता. सगळं जग दोह्यात येणार म्हणून ओळखीची निम्मी मराठी मंडळी बाहेर पळत होती. टिपणिसांचं स्वित्झर्लंड ठरलं होतं. ही सहल शटडाउनच्या, म्हणजे प्लँट दुरुस्तीसाठी बंद ठेवतात तेव्हाच्या, ड्यूटीने तीनदा खाल्ली होती. चौथ्यांदा बारगळली तर मी एकटी जाईन, असं पूर्णिमाने शांतपणे सांगून ठेवलं होतं. रेल्वेचे पास आले होते. आल्प्समधल्या काचेच्या छताच्या गाडीत पास असूनही जागा वेगळी राखावी लागते. तीही गिरीशरावांनी जातीने राखली होती.

शनिवारी सकाळी त्यांनी तिकडच्या रेल्वेला फोन लावला, आपल्या जागा इंजिनाकडे तोंड करून आहेत ना, एवढंच विचारायला. फोन ठेवला तेव्हा चेहरा आनंदाने उजळला होता.

"पूर्णिमा, आपल्या जागा चोरीला गेल्या! सत्तावीस नोव्हेंबर, रविवार. त्या गाडीत टिपणीस नावाचं कुणी नाही, आणि गाडी फुल!"

पूर्णिमाने हात पुढे केला. "तो बुकिंगचा कागद बघू."

"खबरदार! ठसे पुसले जातील."

त्यांनी पापडाच्या चिमट्याने कागद उचलला, मटारच्या रिकाम्या पिशवीत घातला आणि फ्रीझरमध्ये ठेवला. पुरावा थंड ठेवायचा असतो म्हणे.

पहिला संशयित समोरचा शौनक. "त्याने परवा विचारलं, तिकडे थंडी किती असते? का विचारलं?"

"अहो, तोही जातोय म्हणून. आणि आपल्या आधीच, पंधरा तारखेला परतही येतोय."

"बघ! आपण तिथे नव्हतो हे सिद्ध करायची तयारी आधीपासूनच!"

दुसरा सुदाम, कंपनीचा ड्रायव्हर. ऑफिसात छापलेला तो कागद त्यानेच घरी पोचवला होता. दुपारी नजमा वस्तीतल्या खोलीवरून तो गाडीची किल्ली न्यायला आला आणि सोफ्यावर बसवला गेला.

"सुदाम, आल्प्सला कधी गेला होतास?"

"साहेब, सुट्टी मिळंना म्हनून दोन वर्सं गावाकडं गेलो न्हाई. तिकडं कुटं जातो?"

"आता गप्प का झालास?"

"बोलतोय की!"

तिसरा संशय एका फुटबॉल संघावर आला. त्याने विरळ हवेत सराव करायला अख्खा डबा पळवला होता. रेल्वेच्या डब्यात सराव कसा करतात, हे विचारायला कुणी थांबलं नाही, कारण पूर्णिमा भातात घालायला मटार काढायला गेली होती. पहिलीच पिशवी तिने उघडली आणि हातात गार कागद आला.

"अहो, यावर अठ्ठावीस तारीख आहे. सोमवार."

"अशक्य! मी महिन्याच्या शेवटच्या ओळीतला पहिला चौकोन दाबला. पहिला चौकोन रविवारचा."

पूर्णिमाने लॅपटॉप उघडून त्यांच्यासमोर धरला. इथे आठवडा रविवारी सुरू होतो, ऑफिसही, भिंतीवरचं कॅलेंडरही. तिकडच्या साइटवर मात्र पहिला रकाना सोमवारचा होता. आणि सोमवारी सकाळी तर त्यांचं परतीचं विमान होतं.

"म्हंजी चोर घरातलाच," सुदाम म्हणाला आणि किल्ली घेऊन उठला.

गिरीशरावांचा चेहरा आता खरोखर पडला. "चौथ्यांदा," ते पुटपुटले. "आणि या वेळी शटडाउनही नाही."

पूर्णिमा बराच वेळ स्क्रीनवर काहीतरी वाचत होती. "त्याच रुळांवरून साधी गाडीही जाते. आपल्या पासवर. जागा राखायला नको, रविवारी दिवसभरात कुठलीही पकडा."

"पण काचेचं छत?"

"मला नकोच होतं ते. अकरा वर्षं इथे बंद काचेतूनच बाहेर बघतेय मी. या साध्या गाडीची खिडकी उघडते हो."

गिरीशराव उठले. त्यांनी तपासाची डायरी काढली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं : गुन्हेगार सापडला. पत्नीच्या विनंतीवरून सोडून दिला.

"मी कधी विनंती केली?" मागून वाचत पूर्णिमाने विचारलं.

"करशील ना?" ते म्हणाले.