शांत पाणवठ्याचं मॉडेल

एका जंगलात, मुलांनो, सगळं बरं चाललं होतं. त्यामुळे सिंहमहाराजांना काळजी वाटू लागली. बरं चाललंय ते नेमकं कशामुळे, हे कुणालाच सांगता येईना. शेजारच्या राजाकडे म्हणे जंगलाचं मॉडेल होतं. यांच्याकडे नुसतं जंगल.

मग महाराजांनी एक तज्ज्ञ बोलावला. त्यांचं नाव बगळेसाहेब. बगळेसाहेब एका पायावर उभे राहत, डोळे मिटत आणि बराच वेळ काही बोलत नसत. एवढ्यावरच निम्म्या जंगलाची खात्री पटली.

"जंगल फार गुंतागुंतीचं असतं," ते शेवटी म्हणाले. "आधी ते सोपं करायचं. सोपं करून जे त्यात बसणार नाही, ते नाहीच असं धरायचं."

त्यांनी पाणवठ्याच्या काठी, ओल्या चिखलात जंगल मांडलं. हरणांच्या जागी खडे, हत्तींच्या जागी धोंडे, वानरांच्या जागी काटक्या. मग सगळ्यांना मोजणीला बोलावलं. सगळे आले. बिबट्या तेवढा आला नाही. तो कुठेही सांगून येत नसे.

"मग बिबट्याचं काय करायचं?" महाराजांनी विचारलं.

"तो दिसला की वानरं ओरडतात ना? आपण आरोळ्या मोजू. आरोळ्या जास्त, तर धोका जास्त. आरोळ्या कमी, तर धोका कमी."

महाराजांना एवढी सोपी गोष्ट कधी कुणी सांगितली नव्हती. ते खूश झाले.

"आणि साहेब, या मॉडेलमध्ये तुम्ही कुठे आहात?" एका बेडकाने विचारलं.

"मी तिऱ्हाईत. मी बाहेरून बघतो," असं म्हणून बगळेसाहेबांनी त्याला गिळलं.

या जंगलात चंद्री नावाची एक चितळीण होती. नुकतंच तिचं पाडस पायांवर नीट उभं राहू लागलं होतं. दिवस मावळताना ती त्याला पाणवठ्यावर न्यायची. पाणी पिताना मान खाली जाते आणि मागचं काही दिसत नाही. म्हणून वानरं काठच्या जांभळीवर बसून लक्ष ठेवायची आणि गवत हललं की 'खॅक्' करून ओरडायची. हे कुणी ठरवून दिलं नव्हतं. आजोबा-पणजोबांपासून तसं चालत आलं होतं.

पण चंद्रीचा वानरांवर राग होता. मेली उष्टी जांभळं तिच्या पाठीवर टाकायची. बरेचदा ओरडायची आणि गवतातून निघायची घोरपड. पाडस बिचारं घाबरून पळायचं आणि तहानलेलंच राहायचं.

"कुणाची काही तक्रार?" असं बगळेसाहेबांनी विचारताच ती पुढे झाली.

"नुसता वैताग आहे हो साहेब! माझ्या लेकराला घोटभर पाणी सुखानं पिऊ देत नाहीत."

साहेबांनी दोन्ही डोळे उघडले. "म्हणजे पाडसाला धोका आहे तो आरोळ्यांचा."

चंद्रीला अगदी तसं म्हणायचं नव्हतं. पण एवढा मोठा माणूस म्हणतोय म्हटल्यावर तिने हो म्हटलं.

वानरांना नदीपलीकडे हाकललं. जाताना म्हातारा हुप्प्यातात्या थांबला.

"अगं चंद्रे, बिबट्या दिसल्यावर ओरडायचं म्हटलं तर फार उशीर होतो. म्हणून आम्ही गवताला ओरडतो."

"तुमचं आपलं नेहमीचंच," चंद्री म्हणाली.

त्या संध्याकाळी पाणवठा कसा शांत होता! पाडस पोट फुटेस्तोवर पाणी प्यायलं. चंद्रीला भरून आलं. तिने साहेबांना वाकून नमस्कार केला.

पुढे कळपातली एक हरिणी दिसेनाशी झाली. मग आणखी एक. साहेब म्हणाले, स्थलांतर. महाराज म्हणाले, गर्दी कमी झाली.

आणि एका संध्याकाळी चंद्रीच्या शेजारी पाणी उसळलं. तिने मान वर केली, तर पाडस नव्हतं.

ती धावत, ठेचकाळत साहेबांकडे गेली.

"साहेब, माझं लेकरू नेलं हो बिबट्यानं!"

"कुणी ओरडलं का?"

"ओरडायला ठेवलंयत कुणाला?"

"मग धोका शून्य आहे," साहेब शांतपणे म्हणाले. "हा बघा तुमच्या पाडसाचा खडा. जागच्या जागी आहे."

चंद्रीने त्यांना तिथेच एक लाथ घालायला हवी होती, असं माझं मत आहे. पण ती गरीब. ती नुसती रडली.

दुसऱ्या दिवशी ती पाण्याला तोंड न लावता काठावर मान ताठ करून उभी राहिली. गवत हललं. नुसतं गवतच. चंद्री जिवाच्या आकांताने ओरडली.

कळप उधळला. बिबट्याची झेप चुकली आणि तो चिखलात येऊन पडला. मॉडेलच्या मधोमध त्याचा पंजा उमटला. तो निघून गेल्यावर बगळेसाहेबांनी पंजा पायाने पुसला आणि चिखल सारखा केला.

सकाळी दरबार भरला.

"महाराज," साहेब म्हणाले, "वानरं गेल्यापासून जंगलात धोका नव्हता. काल तो आला. कुणी आणला?"

सगळ्यांनी चंद्रीकडे पाहिलं. तिने वाचवलेल्या हरणांनीही पाहिलं. त्यांचं पाणी प्यायचं राहून गेलं होतं.

चंद्रीलाही नदीपलीकडे हाकललं. धोका पुन्हा शून्यावर आला. महाराजांनी बगळेसाहेबांचा जाहीर सत्कार ठेवला. साऱ्या जंगलाने टाळ्या वाजवल्या. साहेबांच्या खांद्यावर शाल घातली ती बिबट्याने. तो कधी आला, ते कुणालाच कळलं नाही.

तात्पर्य : मुलांनो, जंगलाला खरा धोका ओरडणाऱ्यांकडून असतो. बिबट्याने आवाज केल्याची कुठेही नोंद नाही.