अकरा हजार पावलं आणि एक उभी स्कूटर

वर्धा जिल्ह्यात गुन्हे कमी घडतात. त्याचं श्रेय पोलीस घेतात आणि मी मोठ्या मनाने घेऊ देतो. मी म्हणजे रत्नदीप नगराळे, पिपरी मेघे. दुकानाच्या पाटीवर 'झेरॉक्स, लॅमिनेशन, गुप्त तपास' असं लिहिलेलं आहे. त्यातला 'गुप्त' शब्द लाल रंगात आहे, लांबूनही दिसावा म्हणून. माझी नजर अशी, की गिऱ्हाईक पायरी चढतानाच मी ओळखतो, याला आधार कार्डाची प्रत हवी की पॅन कार्डाची. आजवर जवळपास निम्म्या वेळा मी बरोबर ठरलो आहे. माझी सहायक काजल मात्र गिऱ्हाईकाला सरळ "काय पाहिजे?" असं विचारते. तिला तपासाची शिस्त नाही. ती माझी बायकोही आहे, त्यामुळे कामावरून काढता येत नाही.

त्या शनिवारी शाळेतल्या स्वरदा मॅडम आल्या. मी म्हणालो, "पॅन कार्ड." त्या रडायला लागल्या. काजलने मला कोपराने बाजूला सारलं आणि त्यांना स्टूल दिलं.

प्रकरण असं होतं. दिवाळीचा फराळ संपल्यावर स्वरदा मॅडम आणि त्यांचे यजमान शौनक यांनी शपथ घेतली, की प्रत्येकी दहा किलो उतरवायचे. दोघांनी पावलं मोजणारी घड्याळं घेतली. एकाची पावलं दुसऱ्याला मोबाईलवर दिसायची. मॅडम रोज पहाटे चालू लागल्या आणि रात्री काकडी खाऊ लागल्या. शौनकरावांनी पंधरा दिवसांत गुडघे दुखतात म्हणून चालणं सोडलं.

"आणि आता हे बघा," मॅडमनी मोबाईल पुढे केला. "तीन रविवार झाले. चार ते सहा, अकरा हजार पावलं! विचारलं तर म्हणतो, ऑफिसचं काम आहे. माझ्यासोबत हजार पावलं चालायला याचे गुडघे दुखतात. मग ही अकरा हजार पावलं कोणासोबत चालून राहिला हा?"

त्यांनी डोळे पुसले. "मी बॅग भरून ठेवली आहे, सर. उद्या काही कळलं नाही तर मी कारंज्याला आईकडे जाते. मग तो आणि त्याचं ऑफिस."

"मॅडम," मी म्हणालो, "उद्या सहा वाजेपर्यंत त्या बाईचं नाव तुमच्या हातात राहीन. लॅमिनेट करून."

"बाई आहे कायले म्हणता?" काजल मागून म्हणाली. मी दुर्लक्ष केलं.

रविवारी चार वाजता शौनकरावांची स्कूटर वस्तीच्या टोकाला, टिनाच्या एका छपरापुढे थांबली. ते आत गेले, दार लोटलं गेलं. मी समोरच्या कडुलिंबामागे उभा राहिलो. झाड माझ्यापेक्षा थोडं बारीक होतं, पण मी पोट आत घेतलं होतं. साडेचारला मॅडमचा फोन आला.

"सर, तीन हजार झाली! कुठे चालला आहे तो?"

"कुठेच नाई. स्कूटर इथंच हाये, माणूसबी आतच हाये."

हा माझ्या बुद्धीला साजेसा पेच होता. माणूस आत आणि पावलं बाहेर! इतक्यात छपरामागून एक बकरी निघाली. तिच्या गळ्यात काहीतरी काळं होतं. क्षणात उलगडा झाला. घड्याळ बकरीला बांधून हा आत बसला होता! मी बकरीमागे निघालो. ती शेताच्या धुऱ्यावरून गेली, मीही गेलो. ती बाभळीखालून गेली, मी शर्टाची एक बाही देऊन पार झालो. शेवटी तिला धरलं तर गळ्यात दृष्ट लागू नये म्हणून बांधलेला काळा दोरा निघाला. तेवढ्यात तिने माझ्या तपासाच्या वहीची चार पानं खाल्ली. पुरावा नष्ट करण्याचा हा प्रकार मी मनात नोंदवून ठेवला, कारण वही तिच्या तोंडात होती.

परत आलो तेव्हा साडेपाच झाले होते. छपरातून आवाज येत होता. थप्, थप्, थप्. मध्येच एक बाई ओरडत होती, "जोरानं! हातात जीव नाई का?"

मी लगेच ओळखलं. आत कोणाला तरी मारत होते आणि मारायला शौनकरावांना लावलं होतं! वरून धूरही निघत होता, म्हणजे पुरावे जाळणं सुरू होतं. मी मॅडमना फोन केला, "वस्तीच्या टोकाला लवकर या. बाई हाये, पण प्रकरण त्याहून भयानक हाये."

दहा मिनिटांत मॅडम आल्या. काजलच त्यांना आपल्या मोपेडवर घेऊन आली होती. मी तोंडावर बोट ठेवून आवाज ऐकवला.

काजलने ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, आपल्या लग्नात सात रोट्या हाणल्या तुमी, अन् आवाज ओळखू येत नाई? लंबी रोटी करून राह्यले आतमधी. देवकामावशीचं घर हाये हे. साऱ्या पिपरीच्या लग्नाले रोट्या तिच्याच राह्यते." आणि तिने सरळ दार ढकललं.

आत चूल पेटली होती, तिच्यावर मातीचं मडकं पालथं घातलेलं होतं. देवकाबाई पाटावर बसून हुकूम सोडत होत्या. शौनकराव कोपरापर्यंत पिठात बुडालेले होते. पातळ लिबलिबीत कणीक या हातावरून त्या हातावर झेलत होते. थप्, थप्. मनगटावर पिठाने माखलेलं घड्याळ होतं आणि दर थपेला त्यावरचा आकडा वाढत होता.

"घड्याळ हातात हाये," काजल मॅडमना म्हणाली. "त्याले काय समजते, माणूस पाय हालवून राह्यला का हात?"

मॅडम दारातच उभ्या होत्या. "शौनक, हे काय आहे?"

"तूच म्हणाली होतीस ना," शौनकराव पडेल आवाजात म्हणाले, "की दहा किलो उतरले, की त्या दिवशी पोटभर लंबी रोटी खाईन. तुझे साडेनऊ झाले. म्हटलं, आपण आपल्या हातानं करून घालावी. पण साली फाटतेच. तीन रविवार झाले."

मॅडमचा चेहरा मऊ झाला, पण पुन्हा आवळला. "मग माझ्यासोबत चालायला काय होतं तुला?"

शौनकराव हातातल्या कणकेकडे पाहत राहिले. "तू चालतेस कुठे? पळतेस. मी मागे राहिलो तर वळूनसुद्धा बघत नाहीस. घरी आलो तर माझ्या ताटातल्या पोळ्या मोजतेस. मला वाटायला लागलं, की हिला मी नकोच. हिला माझं उतरलेलं वजन पाहिजे."

मी तोंड फिरवून डोळे चोळले. बहुधा धूर असावा.

"बोलनं झालं असन तं ते हातातली टाक मडक्यावर," देवकाबाई म्हणाल्या. "लोंबून राह्यली कवाची."

शौनकरावांनी घाईत रोटी मडक्यावर टाकली. ती फाटली नाही. भाजून उतरली तेव्हा मॅडम पुढे झाल्या आणि तिथेच जमिनीवर बसल्या.

"अजून अर्धा किलो बाकी आहे तुझं," शौनकराव म्हणाले.

"राहू दे बाकी." त्यांनी तुकडा तोडला. खाता खाता डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या. "उद्या सकाळी सहाला निघू. तू पुढे चाल. मी मागून येते."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या मागावर गेलो. प्रकरण नीट बंद व्हावं म्हणून. काजल याला भोचकपणा म्हणते. शौनकराव पुढे होते आणि चार पावलं मागे मॅडम. ते दर थोड्या वेळाने वळून पाहत होते आणि त्या तिथेच असायच्या. नाल्यावरच्या पहिल्याच रपट्यावर, त्या बुटक्या पुलावर, दोघं कठड्याला टेकले आणि बोलत बसले. मी आडोशाला अर्धा तास वाट पाहिली, पण ते काही उठेनात. शेवटी मीच घरी आलो. त्या सकाळी पिपरीत सगळ्यात जास्त मीच चाललो.